तिसऱ्या खांबावरची भेग

फोटोबाई घराला कुलूप लावून निघाली की ते तीनदा ओढून बघायची. तिसऱ्यांदा ओढून चार पायऱ्या उतरली की तिला गॅस आठवायचा. नवरा शहराची बस चालवायचा. रोज शेकडो माणसं पाठीशी घेऊन गर्दीतून वाट काढणारा तो माणूस उशीला डोकं टेकलं की घोरायचा, आणि ही मात्र त्याची बस पाच मिनिटं उशिरा आली तरी खिडकीत उभी. "तुला देवानं काळजी करायलाच पाठवलंय," तो म्हणायचा. "माझ्या वाटणीचीही तूच करतेस, म्हणून माझं बरं चाललंय."

नोकरीसुद्धा तिला अशी मिळाली होती, की काळजी करण्याबद्दलच पगार मिळावा. शहराच्या बांधकाम खात्यात एक फोटो विभाग होता. विभाग म्हणजे दोन खोल्या, कॅमेऱ्यांचं एक लोखंडी कपाट आणि भिंतभर फायली. पूल, बोगदे, जुन्या इमारती, पाण्याच्या टाक्या, ज्याच्या अंगावर भेग पडली असेल तिथे दर तीन महिन्यांनी जायचं, त्याच जागेवर उभं राहायचं आणि त्याच भेगेचा फोटो काढायचा. मागच्या फोटोशेजारी नवा ठेवून भेग हलली की नाही ते लिहायचं. एकवीस वर्षं ती हेच करत होती. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांना ती फोटोबाई.

हे काम तिला शिकवलं मास्तरांनी. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. खात्यातले जुने फोटोग्राफर, पण बोलायची रीत अशी की कुणीतरी एकदा मास्तर म्हटलं आणि ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात कॅमेरा दिलाच नाही. टेलिकन्व्हर्टर दिला. मुठीत मावेल एवढं नळकांडं, दोन्ही तोंडांना काच.

"हा कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसतो," ते म्हणाले. "दोनशेची लेन्स चारशेची होते, लांबचं दुप्पट मोठं दिसतं. पण फुकट काही मिळत नाही, पोरी. उजेड चौथाईवर येतो. लेन्समधे जी खोट असेल तीही दुप्पट होऊन समोर येते. आणि हे नाक बघितलंस?"

कन्व्हर्टरची पुढची काच खरंच नाकासारखी बाहेर आलेली होती.

"हे प्रत्येक लेन्सच्या पोटात मावत नाही. काही झूम अशा असतात, की लांबवर ठेवल्या तोवर सगळं गोड. जवळचं बघायला फिरवल्या, की मागची काच आणखी मागे येते आणि ह्या नाकावर आपटते." त्यांनी कपाटातली एक झूम काढून उलटी धरली. मागच्या काचेवर मधोमध नखाएवढा ओरखडा होता. "हा माझा. तेव्हापासून आधी बघतो, मग लावतो."

मास्तर एकदा बघायचे. फोटोबाई तीनदा बघायची.

एवढं जपूनही तिचा पाय एकदा घसरला होताच. एका पादचारी पुलाच्या कमानीवर तिला नवी भेग दिसली. तिनं तसं लिहून दिलं, पूल दोन दिवस बंद राहिला, माणसं लांबचा वळसा घालून चडफडत गेली. शेवटी शिडी लावून बघितलं, तर वाळलेल्या वेलीचा एक तंतू दगडाला चिकटलेला. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर कुणीतरी वेलीची कुंडी आणून ठेवली. सगळे हसले. तीही हसली, आणि घरी जाऊन जेवली नाही. त्याला सहा वर्षं झाली होती, पण अजूनही 'वाढ आढळली' असे दोन शब्द लिहायचे म्हटले की ती पेन खाली ठेवून फोटो पुन्हा बघायची.

तिच्या फायलींमधे एक फाइल अशी होती, जी तिला नेहमी सगळ्यांत खाली ठेवावीशी वाटायची. बाजारामागच्या पाण्याच्या टाकीची. पाच मजली इमारतीएवढी उंच टाकी, सहा खांबांवर उभी. तिसऱ्या खांबावर, वरच्या तुळईच्या जरा खाली, एक उभी भेग होती. भेगेवर दोन पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या, एकीचं टोक दुसरीवर आलेलं. खालच्या पट्टीवर मिलिमीटरच्या चौकटी, वरच्या पट्टीवर लाल फुली. भेग उघडली की फुली चौकटींवरून सरकणार. वीस वर्षांत ती एक घर सरकली होती, आणि एका घराला कुणी घाबरत नाही असं साहेब म्हणायचे.

पण टाकीच्या बरोबर खाली, तिसऱ्या खांबापासून दहा पावलांवर, तिच्या ताईचं कपडे धुवायचं दुकान होतं.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिची वेणीफणी, शाळा, ताप-खोकला, सगळं तिनंच केलं. नवरा वारल्यावर तिनं ते दुकान टाकलं. दोन मोठी यंत्रं, इस्त्रीची टेबलं, मागे वाळत घालायच्या तारा. टाकीच्या पायथ्याशी दुकान असल्याचा फायदा असा, की सगळ्या वस्तीचं पाणी गेलं तरी ताईच्या नळाला करंगळीएवढी धार असायची. "माझ्या डोक्यावर समुद्र आहे," ती गिऱ्हाइकांना सांगायची. फोटोबाईला ते वाक्य ऐकवत नसे.

त्या खेपेला खात्याची तीनशेची लांब लेन्स नव्हती. आत बुरशी धरली म्हणून दुरुस्तीला गेली होती आणि दुरुस्तीवाला रोज उद्यावर ढकलत होता. तारीख तर उलटून चालली होती. म्हणून फोटोबाईनं सत्तर-दोनशेची झूम घेतली, तिच्यामागे कन्व्हर्टर लावला आणि रस्त्यापलीकडच्या वाचनालयाच्या गच्चीवर गेली. तिथे मास्तरांनी वीस वर्षांपूर्वी रंगानं तीन ठिपके काढून ठेवले होते, ट्रायपॉडच्या तीन पायांसाठी. तिनं पाय ठिपक्यांवर टेकवले, झूम दोनशेवर नेली आणि डोळा लावला.

चित्र काळपट होतं. कॅमेऱ्याला आपणहून फोकस सापडेना. लेन्स पुढे-मागे घुरघुरत राहिली. तिनं ते बंद करून हातानं फिरवायला घेतलं. दुपार चढत होती, तापलेल्या सिमेंटवरची हवा थरथरत होती आणि त्या थरथरीत पट्टी पाण्याखाली ठेवल्यासारखी डुलत होती. क्षणभर हवा थांबली आणि लाल फुली स्वच्छ दिसली.

तिसऱ्या घरावर.

तिनं डोळा मागे घेतला, पदरानं व्ह्यूफाइंडर पुसला, परत लावला. आता नुसता तांबूस डाग. तिनं चाळीस फोटो काढले. मधे कन्व्हर्टर काढून पुन्हा बसवला, ट्रायपॉडला पिशवी टांगली, श्वास रोखून तारेचं बटण दाबलं. खाली ताई दुकानाच्या दारात उभी राहून चादर झटकत होती. तिनं वर बघून हात हलवला. फोटोबाईनंही हलवला.

कार्यालयात येऊन तिनं चाळीसच्या चाळीस फोटो पडद्यावर लावले. पाचांमधे फुली तिसऱ्या घरावर वाटत होती. बाकीच्यांत प्रत्येक रेघेला एक भुताटकीसारखी दुसरी रेघ होती. दोन म्हणा, तीन म्हणा, काहीही म्हणा. ती तशीच उठून साहेबांकडे गेली.

साहेब म्हणजे खात्याचे इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता, पण घाईत कधी नसायचा. त्यांनी मागचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी ठेवले.

"मोठी तर दिसतेच आहे," ते म्हणाले. "दिसणारच. तुम्ही कन्व्हर्टर लावलात. मागचा फोटो तीनशेचा, हा चारशेचा."

"साहेब, फणी मोठी करून दाखवली तर दातही मोठे होतात. दातांची संख्या काही वाढत नाही. फुलीखालची घरं मोजायची. आधी एक होतं."

"आणि आता?"

"तीन. बहुतेक."

"बहुतेक." साहेबांनी चष्मा काढला. "बाई, ह्या टाकीवर चाळीस हजार माणसं पाणी पितात. 'बहुतेक'वर मी व्हॉल्व्ह बंद करू? फोटो बघा तुमचा. धुक्यातली म्हैस परवडली."

तिनं फोटो गोळा करायला घेतले.

"लांब लेन्स येऊ दे. दोन-तीन आठवडे. मग नीट काढा." ती दारापर्यंत पोचल्यावर ते हलकेच म्हणाले, "पुन्हा वेल निघायला नको, एवढंच."

त्यांनी ते टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. यंत्रं थांबली होती, ताई घड्या घालत होती. दुकानात ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास. ताईनं तिच्याकडे एक नजर टाकली आणि चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालू लागल्या. लहानपणापासूनची सवय.

"काय झालंय चिमे?" ताई तिला अजून चिमीच म्हणायची.

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे काय, ते मला माहीत नाही का? नवऱ्याशी भांडलीस?"

"ताई, तू थोडे दिवस दुकान बंद ठेवशील?"

ताईचे हात थांबले. "का?"

मग फोटोबाईनं सगळं सांगितलं. फुली, घरं, साहेब, धूसर फोटो. ताईनं चादरीचं टोक तसंच धरून ठेवलं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "टाकी पडणार आहे का?"

"माहीत नाही."

"भेग वाढलीय हे तरी नक्की?"

"नक्की नाही गं. म्हणूनच तर..."

"तुलाच नक्की नाही, तुझ्या साहेबाला पटत नाही, आणि मी दुकानाला कुलूप लावून घरी बसू? हॉटेलवाल्यांच्या चादरी कोण धुणार? चार दिवस नाही म्हटलं की तो दुसरीकडे जातो, परत येत नाही." ताईनं घडी तिच्या हातातून ओढून घेतली. "आधी नक्की करून ये. मग मला घाबरव."

ती रात्र फोटोबाईनं कूस बदलत काढली. कुठेतरी पत्रा वाजला तरी तिला वाटायचं, गेलीच. सकाळी उठून ती तडक मास्तरांकडे गेली.

मास्तर दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, हात कापायचे. त्यांनी फोटो नाकाला लावून बघितले.

"झूमचा दोष आहे, कन्व्हर्टरनं दुप्पट केलेला. वर दुपारची हवा. ह्याच्यावरून मीही काही सांगणार नाही," ते म्हणाले. तिचा चेहरा पडला. "लांबून मागायचं ते तू जास्तीत जास्त मागून घेतलंस. आता जवळ जा."

"किती जवळ?"

"टाकीला भोवती सज्जा आहे. सज्ज्यातून पट्टी दीड हात खाली आहे. मी चिकटवताना मोजलं होतं. मॅक्रो लेन्स घे, जवळचं बारीक टिपणारी."

"मॅक्रोनं एवढी पट्टी भरून घ्यायची म्हणजे तिच्या अंगावर जायला हवं. कठड्याबाहेर निम्मी लोंबकळेन मी, मास्तर."

"कन्व्हर्टर लाव ना तिला. तेवढंच मोठं चित्र दुप्पट लांबून मिळेल. लोंबकळायचं काम नाही."

"आपल्या मॅक्रोच्या पोटात त्याचं नाक जात नाही. मी बघितलंय."

"तीनदा?"

"चारदा."

मास्तर पहिल्यांदाच हसले. उठून त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला, मोजे बाजूला सारले आणि एका फडक्यातून लोखंडी कडं काढलं. आत काच नाही, नुसती पोकळ रिंग. "ही दोघांच्या मधे घाल. नाकाला जागा होते. मग लांबचं काही दिसणार नाही, पण तुला कुठं लांबचं बघायचंय? उजेड मात्र आणखी जाईल. फ्लॅश ने." रिंग त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "आणि ऊन चढायच्या आत जा. सिमेंट तापायला लागलं की भेगही हलते."

फोटोबाईला उंचीची भीती होती. घरी माळ्यावरचं काही काढायचं असलं तरी ती नवऱ्याला हाक मारायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती टाकीच्या फाटकाशी उभी होती. शिडीची किल्ली पंपवाल्याकडे असायची.

"साहेबांची चिठ्ठी?" पंपवाल्यानं विचारलं.

"नंतर आणून देते."

"नंतर म्हणजे? तुम्ही पडल्यावर?"

"भाऊ, माझी बहीण ह्या खांबाखाली दुकान चालवते."

पंपवाल्यानं ताईच्या बंद शटरकडे बघितलं. त्याचेही कपडे तिथेच धुतले जायचे. तो आत गेला आणि एक कमरेचा पट्टा घेऊन आला. "हा बांधा. प्रत्येक चार पायऱ्यांनी वरची कडी लावायची, मग खालची सोडायची. खाली बघायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही."

ती चढली. हाताच्या तळव्यांना घाम सुटून पायऱ्या निसटत होत्या. कडी लावायची, ओढून बघायची, पुन्हा ओढून बघायची. निम्म्यावर आली तेव्हा पायांना असा कंप सुटला, की शिडीच वाजायला लागली. तिनं कपाळ गार लोखंडाला टेकलं आणि ताईनं शिकवलेला सतराचा पाढा मोठ्यानं म्हटला. एकशे दोनवर पाय पुन्हा हलले.

सज्ज्यात ती सरळ पालथी पडली. डोक्यावर टाकीचं पोट होतं आणि त्याच्या आत पाणी हलत असल्याचा जड, दबका आवाज येत होता. तिनं कठड्याला चिमटा अडकवला, त्यावर कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला कन्व्हर्टर, त्यापुढे मास्तरांची रिंग, त्यापुढे मॅक्रो. प्रत्येक जोड वळवून 'टक' ऐकला. मग गजांमधून लेन्स खाली वळवली.

पहिल्यांदा काहीच दिसेना. नुसता अंधार. उजेड इतका खाल्ला गेला होता, की तिला वाटलं झाकण काढलं नसावं. झाकण तर खिशात होतं. तिनं विजेरी पट्टीवर धरली आणि चिमट्याचा स्क्रू केसाएवढा फिरवला. अंधारातून एक काळी रेघ वर आली, दुसरी आली, आणि मग लाल फुली, अंगठ्याएवढी, धारदार.

ती तीनवर नव्हती. दोनच्या पुढे, बरोबर मधे. अडीच.

तिला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. एकाचे अडीच झालेच होते. तिनं फ्लॅश हातात धरून फोटो काढायला सुरुवात केली. पट्टीचे काढून झाल्यावर चिमटा थोडा सरकवला आणि भेगेचाच कडेकडेनं काढत खाली गेली. पट्टीच्या वीतभर खाली भेगेच्या ओठांवर पांढरा क्षार फुटला होता आणि त्याच्यातून एक तपकिरी ओघळ आला होता, सुतासारखा बारीक. फ्लॅश पडला की तो चमकत होता. ओला होता. वाचनालयाच्या गच्चीवरून तो कुणालाही कधी दिसला नसता.

तेवढ्यात खाली शटर उघडल्याचा खडखडाट झाला.

"कोण आहे गं वर?" मग एक किंचाळी. "चिमे! अगं ए चिमे! खाली ये आधी!"

फोटोबाईनं खाली बघितलं नाही. कॅमेरा सुटा करून पिशवीत घालेपर्यंत तिला पंपवाल्याचा आवाज ऐकू येत होता, "ओरडू नका हो ताई, दचकतील त्या." खाली उतरली तेव्हा ताई शिडीच्या पायथ्याशी दोन्ही हात पसरून उभी होती, जणू ही पडली तर ती झेलणारच होती. ताईनं आधी तिला पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला.

"झालं नक्की?"

"झालं."

ताईनं मागे वळून आपल्या दुकानाकडे बघितलं आणि रात्री यंत्रात घातलेले कपडे तसेच बाहेर काढायला गेली.

साहेबांनी फोटो भिंगाखाली धरून बराच वेळ बघितले.

"कुणाच्या परवानगीनं चढलात?"

"कुणाच्याच नाही."

"पडला असतात तर मला जन्मभर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. "हा ओघळ कसला?"

"गंजाचा असावा."

"असावा?"

"मी फोटो काढते साहेब. आत काय झालंय ते तुम्ही सांगायचं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग फोन जवळ ओढला. दुपारी बारापर्यंत टाकी रिकामी करायला घेतली होती, आणि खांबांभोवती दोर बांधून आतली दुकानं बंद केली होती. तीन दुकानं. त्यात पहिलं ताईचं.

पुढचे दिवस फोटोबाईच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. वस्तीत पाणी नव्हतं. टँकर यायचे, त्यांच्यापुढे हंड्या-बादल्यांच्या रांगा आणि रांगांमधे शिव्या. कुणीतरी तिचं कार्यालय शोधून काढलं. "त्या फोटोवाल्या बाईला बोलवा," म्हणून चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या कडेवर पुरळ उठलेलं मूल होतं. फोटोबाई बाहेर आली आणि त्या मुलाकडेच बघत राहिली. शेवटी साहेबच पुढे झाले.

ताईनं फोन उचलणं बंद केलं.

गिलावा फोडून आत बघायला माणसं यायची होती, ती आज येतील उद्या येतील करत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत फोटोबाईच्या डोक्यात एकच घोळत होतं. भेग वरवरची असेल तर? ओघळ जुन्या रंगाचा असेल तर? तिनं शंभर वेळा ते फोटो उघडले. जेवढी मोठी करून बघावी तेवढी ती भेग जास्त खरीही वाटायची आणि जास्त खोटीही. नवरा एरवी थट्टा करायचा, पण त्यानं त्या आठवड्यात थट्टा केली नाही. ड्यूटीवरून आला की तिच्या शेजारी येऊन बसायचा.

दहाव्या दिवशी खांबाभोवती परांची बांधून गिलावा फोडला. तिला फोटो काढायला बोलावलं होतं. कामगारानं छिन्नी लावली आणि सिमेंटचा ढलपा हातभर निघून आला. आत सळ्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड असायला हव्या होत्या, त्या शिसपेन्सिलीएवढ्या उरल्या होत्या. एक तर मधेच संपली होती. साहेबांनी तिच्यावर बोट फिरवलं, लाल भुकटी झाली.

"पडली असती का हो?" पंपवाल्यानं विचारलं.

साहेबांनी बोटाची लाल भुकटी रुमालाला पुसली. "दहा वर्षं उभी राहिली असती," ते म्हणाले, "किंवा पुढच्या वादळात गेली असती. ते आता कुणालाच सांगता येणार नाही." मग फोटोबाईकडे न बघताच, "सगळ्या टाक्यांचे फोटो आता वर चढून काढायचे. पट्टे आणि दोन माणसं मिळतील तुम्हाला. चिठ्ठीसह," असं म्हणून परांचीवरून उतरून गाडीकडे गेले. तिला त्या खांबाला टेकून मनसोक्त रडायचं होतं, पण अजून सळ्यांचे फोटो काढायचे होते.

सहाही खांबांना नवं कवच घालायला पाच महिने लागले. ताईचं दुकान मात्र उघडलं नाही. लोखंडी परांची नेमकी तिच्या उंबऱ्यावर उभी राहिली, आणि पाच महिन्यांत हॉटेलवाले, डॉक्टर, शाळेचं वसतिगृह, सगळे स्टँडजवळच्या नव्या धुलाईकडे गेले. यंत्रं विकून ताईनं रुग्णालयाच्या धुलाईघरात नोकरी धरली. त्यानंतरही दोन महिने ती फोटोबाईशी बोलली नाही. एका रविवारी दार वाजलं, तर ताई. हातात कपड्यांची पिशवी. घरातली इस्त्री बिघडलीय म्हणाली.

ती इस्त्री करत होती, ही घड्या घालत होती. सदऱ्याची कॉलर दाबता दाबता ताई म्हणाली, "तू बरोबर होतीस."

"अडीच होतं ताई. मी तीन म्हटलं होतं."

"गप्प बस." ताईनं इस्त्री उभी ठेवली. "दुकान गेलं त्याचं मला वाईट वाटतंय, आणि वाटणारच आहे. त्याला तुझा इलाज नाही. तेवढं मला वाटू दे, आणि तू त्याचं काही वाटून घेऊ नकोस."

फोटोबाईनं मान हलवली. तिला ते जमणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्यानंतर ताई दर रविवारी येऊ लागली. एकदा तिच्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग दिसला. धुलाईघरात चादरी उकळायचं मोठं यंत्र आहे, त्याचं झाकण उघडताना कधीमधी होतं असं, ती सहज म्हणाली. तिनं म्हटलं सहज, पण त्या दिवसापासून ते झाकण फोटोबाईच्या डोक्यातून जात नाही. ताईची पाळी चारला संपते. चार वाजून दहा मिनिटांनी ही जिथे असेल तिथून फोन करते, मग ती एखाद्या टाकीच्या सज्ज्यात पट्टा बांधून पालथी पडलेली का असेना.

"सुटलीस का गं ताई?"

"सुटले गं बाई. दोन्ही हात जागेवर आहेत. ठेव आता."